एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स

तारापूर एमआयडीसीत हिशेब टॅलीत होतात आणि टॅलीला विंडोज लागते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पालघर-बोईसरच्या मुलांना मात्र लिनक्सही हवे असते. एकाच लॅपटॉपवर दोन्ही सुखाने नांदतात.

आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्याच. डिस्कला कुलूप लावणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. फास्ट स्टार्टअप बंद करा; ते चालू असताना विंडोज पुरते बंद होत नाही आणि लिनक्सने त्या ड्राइव्हवर काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पन्नासेक जीबी जागा मोकळी करून पेन ड्राइव्हवरून उबुंटू हे लिनक्स बसवा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, वीज मध्येच गेली तर पंचाईत. यापुढे लॅपटॉप सुरू करताच ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम दोन्ही नावे समोर ठेवतो.

यानंतर घड्याळ हमखास चुकते. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज तिलाच आपली वेळ समजते. बोईसरला सकाळचे साडेदहा वाजलेले असताना विंडोजमध्ये पहाटेचे पाच! लिनक्सच्या सेटिंगमध्ये त्या घड्याळाला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले, की साडेपाच तासांचा हा फरक मिटतो.