न जुळणाऱ्या यंत्रांचे जाळे : चंद्रपूर-गडचिरोलीतील इंटरनेटचा मागोवा

चंद्रपूर जिल्हा आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा यांतील इंटरनेटच्या प्रसाराचा हिशेब बहुधा किती गावांत रेंज पोहोचली एवढ्यावरच मांडला जातो; परंतु २०११ नंतर येथे वेगवेगळ्या योजनांतून, वेगवेगळ्या उत्पादकांची जी यंत्रे येत गेली, ती एकमेकांशी किती जुळली, हा प्रश्न त्या हिशेबात क्वचितच येतो, आणि पोहोचलेली सेवा टिकते की नाही हे मात्र पुष्कळदा त्यावरच ठरते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. तीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेली. तिच्या पहिल्या टप्प्याची रचना जीपॉन तंत्रावर उभी होती. या तंत्रात तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी हे मुख्य यंत्र असते, त्यातून निघणारा एकच तंतू वीज न लागणाऱ्या स्प्लिटरमधून अनेक शाखांत विभागला जातो, आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला, म्हणजे ग्रामपंचायतीत, ओएनटी ही छोटी पेटी बसवली जाते. सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने या तंत्रावर विकसित केलेली यंत्रणा निरनिराळ्या उत्पादकांना बनवण्यासाठी देण्यात आली. प्रकाशाची तरंगलांबी, वेग, माहितीच्या चौकटीची बांधणी हे सारे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९८४ या मानकमालिकेने ठरवून दिलेले आहे. तरीही ओएलटीने ओएनटीला द्यायच्या आज्ञांची जी भाषा, म्हणजे ओएमसीआय, तिच्यात काही भाग ऐच्छिक आहेत आणि काही संदेश उत्पादकाने स्वतःचे घालावेत अशी मुभा आहे. त्यामुळे एका कंपनीच्या ओएलटीखाली दुसऱ्या कंपनीची ओएनटी लावली, तर कधीकधी तिची नोंदणी होते, तंतूची जोडणी दाखवणारा पॉनचा दिवा स्थिर हिरवा राहतो, वरकरणी सारे सुरळीत दिसते, परंतु लॅन पोर्टची जोडणी कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या कोणत्या आभासी विभागात, करायची ही आज्ञा तिला उमगलेली नसल्याने संगणकापर्यंत काहीच पोहोचत नाही. असा बिघाड तंतू तुटण्यापेक्षा अवघड ठरतो, कारण मापकयंत्र प्रकाश पुरेसा असल्याचेच दाखवते.

देशभरातील लहान सेवादार आणि केबलचालक यांनी याच काळात ईपॉन हे तुलनेने स्वस्त तंत्र मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. जीपॉन व ईपॉन या दोहोंत खाली येणारा प्रकाश १४९० आणि वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, तंतूही तोच चालतो; मात्र चौकटीची बांधणी सर्वस्वी भिन्न असल्याने एकाची पेटी दुसऱ्यावर चालत नाही.

मोबाइलच्या बाबतीत न जुळण्याची ही अडचण अधिक खोल होती. नक्षलग्रस्त भागांसाठी मंत्रिमंडळाने २०१४ साली मंजूर केलेल्या योजनेतून बीएसएनएलचे टूजी मनोरे उभे राहिले, त्या भागांत गडचिरोलीही होता. टूजीमध्ये मनोऱ्यावरील केंद्र आणि त्याचे नियंत्रक यांच्यामधील दुवा, ज्याला एबिस म्हणतात, तो व्यवहारात प्रत्येक उत्पादकाचा निराळा राहिला. परिणामी एकाचे केंद्र दुसऱ्याच्या नियंत्रकाला जोडणे जवळजवळ अशक्य होते. एप्रिल २०२२ मध्ये याच योजनेतील २,३४३ ठिकाणी टूजीऐवजी फोरजी बसवण्याचा निर्णय झाला. फोरजीत मनोरा व गाभा, म्हणजे जाळ्याची मध्यवर्ती यंत्रणा, यांच्यातील दुवा मानकाने अधिक नेमका बांधलेला आहे, आणि म्हणूनच सी-डॉटचा गाभा, तेजस या कंपनीची रेडिओ यंत्रणा व टीसीएस या कंपनीची जुळवणी अशी विभागणी बीएसएनएलला करता आली.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटने शाखांची रचना सोडून कडीची रचना आणि रूटर स्वीकारले, जेणेकरून तंतू एका बाजूने तुटला तरी माहिती दुसऱ्या बाजूने वळावी. सतत तंतू तुटणाऱ्या जंगलभागासाठी हा निर्णय निःसंशय योग्य आहे. मात्र कडी म्हटली की रूटरांचे आपसांत जुळणे अपरिहार्य होते. माहितीच्या पाकिटाचा कमाल आकार मोजताना जुनिपर कंपनीचा रूटर इथरनेटचे १४ बाइटांचे शीर्ष धरून १५१४ म्हणतो, तर सिस्कोचा पारंपरिक रूटर ते वगळून १५०० म्हणतो. दोन्हीकडे एकच आकडा भरला, तर मार्ग ठरवणारी ओएसपीएफ ही पद्धत शेजारच्या रूटरशी माहितीची देवाणघेवाण सुरू करण्याच्या टप्प्यावरच अडकून बसते.

शहरात असा दोष तासाभरात निघतो. गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरहून दूर आहे, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्या तालुक्याचा रस्ता बंद पडतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यातही सुटा भाग पोहोचवणे सोपे नसते. न जुळणाऱ्या एका पेटीची खरी किंमत येथे अंतरात मोजावी लागते, आणि ती शेवटच्या टोकाच्या तंत्रज्ञाला व दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत ताटकळणाऱ्या माणसाला भरावी लागते. निविदांत वेग व दर यांना जितके स्थान असते, तितकेच परक्या यंत्रासह घेतलेल्या चाचणीला आणि तालुक्यात ठेवायच्या सुट्या साठ्याला मिळायला हवे होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोलीचा समावेश आहे. या सेवेत उपग्रह, अँटेना आणि रूटर सारे एकाच कंपनीचे असल्याने आतली जुळवाजुळव उरत नाही. मात्र अँटेना बिघडल्यास तिच्या जागी दुसऱ्या कोणत्याही कंपनीची बसवता येत नाही.