सोमवारी रात्री चूल बंद

1965 साली पावसाने दगा दिला, त्यातच पाकिस्तानशी युद्ध झालं आणि पीएल-480 या अमेरिकी धान्यमदत योजनेखाली येणाऱ्या गव्हाबाबत अमेरिकेने हात आखडता घेतला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी तेव्हा लोकांना आवाहन केलं, आठवड्यातून एक वेळचं, सोमवारी रात्रीचं, जेवण सोडा. आधी त्यांनी ते स्वतःच्या घरात करून पाहिलं, असं सांगतात.

गिरगावात आमची खानावळ होती. सोमवारी संध्याकाळी वडील शेगड्या पेटवायचेच नाहीत. सक्ती कुणाचीच नव्हती, तरी मेंबर लोकांनी कुरकुर केली नाही. हेच रेशनकार्डावरचं धान्य कापलं असतं, तर त्याच मंडळींनी काळ्या बाजाराची वाट धरली असती. पण शनिवार, संकष्टी, एकादशी ज्यांच्या अंगवळणी पडलेली, त्यांना आणखी एक उपास जड कशाला जाईल?

अडचण झाली ती आजीची. तिचे सोळा सोमवार चालू होते, आणि सोमवार सोडायचा तो नेमका संध्याकाळी. शास्त्रींचं ऐकावं तर महादेव रागावणार! तिने तोड काढली: नैवेद्य दाखवायचा, दहीभाताचा एकच घास घ्यायचा नि ताट सारायचं. शेजारच्या बिऱ्हाडात मात्र त्या रात्री साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी. एकादशी अन् दुप्पट खाशी! तरी गहू-तांदूळ वाचलेच की.

अर्थात अशा उपासांनी देशाची कोठारं भरत नाहीत. ती भरू लागली कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या कृषी धोरणामुळे आणि 1966 मध्ये मागवलेल्या 18 हजार टन मेक्सिकन गव्हाच्या बियाण्यामुळे. सोमवारने एवढंच केलं, की रेशनच्या रांगेत लाल गहू घेताना 'सगळ्यांचंच असं आहे' असं वाटू लागलं. माझ्या मते ते थोडं नव्हतं.

पण उपास हा भरल्या घराचा. आमच्याकडे उधारीवर जेवणाऱ्या हमालाला सोमवार काय नि मंगळवार काय! 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात, नगर-सोलापुरात उपास करा म्हणायची कुणाची छाती झाली नसती. तिथे कामी आला तो दुसराच संस्कार, फुकटचं नको, काम द्या. माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेली. कामावर पोरांना सुकडी मिळे. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात करून पाहिलेल्या रोजगार हमीचा 1977 साली महाराष्ट्रात कायदा झाला, आणि मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक ठरलं.