लेझरने दुखणं थांबतं का?

"लेझर? भाजणार तर नाही ना?" फिजिओथेरपीच्या टेबलावर गुडघा उघडा करून बसलेल्या मावशी हे विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचा लेझर असतो. तो कापतो, जाळतो. दुखण्यासाठी वापरतात तो कमी तीव्रतेचा लेझर साधारण अर्ध्या वॅटच्या आतला. त्वचेला टेकवला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. म्हणून "लेझरचा शेक घेतला" हेही चुकीचंच, कारण यात उबेचं काम नसतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक विकर हा लाल किंवा अवरक्त प्रकाश शोषून घेतं, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाह उतरायला मदत होते, असं आज सर्वाधिक मानलं जातं.

"किरणं म्हटली की कॅन्सर" ही भीती त्याहून खोल. पण क्ष-किरणांसारखी डीएनए तोडण्याची ताकद या प्रकाशात नसते. 1967च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी नेमकं हेच तपासायला भादरलेल्या उंदरांवर रुबी लेझरचा प्रकाश टाकला होता. कॅन्सर झाला नाही. केस मात्र लवकर उगवले. या उपचाराची सुरुवात तिथून झाली. तरीही गरोदर बाईच्या पोटावर किंवा कॅन्सरच्या गाठीवर थेट तो देत नाहीत. खरा धोका डोळ्यांना आहे. अवरक्त किरण दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. चष्मा रुग्णानेही घालायचा आणि देणाऱ्यानेही.

मला सर्वांत खटकणारा समज म्हणजे "जास्त वेळ दिला की जास्त गुण". हे औषधासारखं आहे: मात्रा कमी पडली तर उपयोग नाही, फार वाढवली तर परिणाम उलट घटू शकतो. गुडघ्याच्या संधिवातावरच्या 22 चाचण्यांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 785 ते 860 नॅनोमीटरच्या लेझरने दर बिंदूला 4 ते 8 जूल, तर 904 नॅनोमीटरच्या लेझरने 1 ते 3 जूल दिलेल्यांच्या वेदना कमी झाल्या. मात्रा याहून कमी होती तिथे फरक दिसला नाही. दुसरीकडे ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2022 मध्ये संधिवातासाठी लेझर देऊ नये असं सांगितलं. मानदुखीबाबत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला 2009चा आढावा, 16 चाचण्या आणि 820 रुग्णांचा, बराच अनुकूल होता. कंबरदुखीचं चित्र धूसर आहे. गुडघ्यासाठी पैसे आणि वेळ आधी मांडीच्या व्यायामावर घालवावा, लेझर फार तर त्याच्या जोडीला, असं माझं मत आहे. आणि घेणारच असाल तर तरंगलांबी किती, दर बिंदूला किती जूल, हे जरूर विचारा.

पण जिथे पुरावा सर्वांत भक्कम आहे ती जागा गुडघा नाहीच. ती आहे तोंड. तंबाखू, गुटखा, मिश्रीने आपल्याकडे किती घरांत तोंडाचा कॅन्सर शिरला आहे, हे वेगळं सांगायला नको. रेडिएशन सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत तोंड आतून सोलवटतं. पाण्याचा घोट आग लावतो, नाकातून नळी घालावी लागते, कधी उपचारच मध्ये थांबवावे लागतात. मणिपालमध्ये 221 रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोजच्या रेडिएशनआधी तोंडात लेझर दिला गेला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात तीव्र जखमा, गिळताना होणारा त्रास आणि मॉर्फीनसारख्या वेदनाशामकांची गरज, सगळंच कमी राहिलं. ही चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही अशा रुग्णांसाठी लेझरची शिफारस करतात.

एवढं असूनही अनेक घरांना याचं नावही माहीत नसतं. रेडिएशनची तारीख मिळाली की त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, "तोंडासाठी लेझरची सोय आहे का?" ही शिफारस जखमा टाळण्यासाठी आहे, आणि लेझर रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो.