मिनिटाला साठ मीटर

समुद्रातल्या खोल गर्तांमध्ये अणुकचरा टाकावा, असा विचार १९५०च्या दशकात चक्क गंभीरपणे मांडला जात होता. तिथलं पाणी जागचं हलत नाही, हा त्यामागचा सोयीचा हिशोब. तो वाचला आणि खोल पाणी हलतं की नाही, हे माणसं ओळखतात कसं, ते बघावंसं वाटलं. मुरगावहून सुटलेल्या एका संशोधन जहाजावर पाहुणी म्हणून जायला मिळालं.

अरबी समुद्रात साडेतीन हजार मीटरांहून खोल जागी जहाज थांबलं. गोल चौकटीत उभ्या लावलेल्या बाटल्या तोंडं उघडी ठेवून खाली गेल्या. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बंद होणार होती. विंचवर मालवणचे एक दादा. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘मिनटाक साठ मीटर. घाई करूची नाय.’ दोन तासांहून जास्त वेळ गेला. तळाजवळची बाटली आली तेव्हा आतलं पाणी इतकं गार, की भर उन्हात बोटं बधिरली.

पुढचं काम प्रयोगशाळेतल्या मुलीचं. बुडबुडा न येऊ देता तिने काचेच्या छोट्या बाटल्या भरल्या, त्यात दोन रसायनं सोडली, हलवलं. विंकलरची ही रीत १८८८ची. तीनशे मीटरांवरच्या पाण्यात पांढरा साका धरला. तळाच्या पाण्यात तपकिरी. तपकिरी म्हणजे प्राणवायू आहे! अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरांच्या पट्ट्यात तो जवळजवळ संपलेला असतो. वरून पडणारं कुजताना जिवाणू तो वापरून टाकतात. मग त्याच्याही खाली तो आला कुठून? थेट वरून उतरणं शक्य नाही. अंटार्क्टिकाजवळ गार आणि खारट होऊन बुडालेलं पाणी तळातळाने, शेकडो वर्षं सरकत इथवर येतं. त्या तपकिरी बाटलीवरून माझी नजर हटेना.

पॅसिफिकच्या गर्तांतही हेच दक्षिणेचं पाणी उतरतं. सामोआजवळच्या अरुंद वाटेने ते उत्तरेला येतं, भरती-ओहोटीमुळे उतारांवर घुसळलं जातं. जपानच्या दक्षिणेला इझू-ओगासावारा गर्तेत पश्चिम उतारालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, तर पूर्व उतारालगतचा उत्तरेकडे जाताना मोजला गेला आहे. गर्तांतली सगळ्यांत खोल जागा चॅलेंजर डीप, तिच्या तळाशी पाणी अडीच अंशांच्या आसपास, म्हणजे चार-पाच हजार मीटरांवरच्या पाण्यापेक्षा जरा उबदारच. दाबाने आवळलं गेल्याने आलेली ही ऊब. तिच्यामुळे ते पाणी हलकं होऊन वर उसळत नाही. १९५१मध्ये डेन्मार्कच्या ‘गॅलाथिया’ जहाजाने फिलिपीन गर्तेत दहा हजार मीटरांखालून प्राणी वर काढले होते. ते काय साचल्या पाण्यात श्वास घेत होते? तरीही कचऱ्याचा विचार पुढे चालू राहिला, हे मला अज्ञानापेक्षा गैरसोयीचं टाळणं वाटतं.

चॅलेंजर डीप जवळपास अकरा हजार मीटर, म्हणून दादांना सांगितलं. त्यांनी मनातच भागाकार केला. ‘मिनटाक साठ. तीन तास जावक, तीन येवक. पण एवढी वायर आमच्या ड्रमार नाय.’