आकड्यांतून उभा राहिलेला अल्बम

ऑक्टोबर १९८१मध्ये इंग्लंडमध्ये ‘डेअर’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. ‘द ह्यूमन लीग’ या शेफील्डच्या गटाचा हा तिसरा अल्बम. दहा गाणी, गिटार नाही, ड्रमवादक नाही. माणसांचे आवाज आणि यंत्रांचे आवाज, एवढ्यावर सगळा डोलारा. तो ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत तिसऱ्यापर्यंत पोहोचला, आणि सिंथ-पॉप हा प्रयोगशील मंडळींचा नाद न राहता घराघरांत वाजणारं संगीत झालं. हा अल्बम यंत्रांनी बनवला, असं अनेकदा म्हटलं जातं. त्याची घडण पाहिली की मला नेमकं उलट वाटतं. यंत्रांनी बोटांचे कष्ट वाचवले खरे, पण त्यामुळे निवड, चिकाटी आणि वाद यांचं काम कितीतरी वाढलं, आणि ते सात माणसांनी मिळून केलं.

गोष्ट सुरू होते ती फुटीपासून. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श या संगणक चालवणाऱ्या दोन तरुणांनी १९७७मध्ये हा गट उभा केला. शेफील्ड हे पोलादाचं शहर. इस्पितळात हरकाम्या म्हणून नोकरी करणारा फिलिप ओकी गायक म्हणून आला. एड्रियन राइट मंचामागे पडद्यावर स्लाइड्स दाखवायचा. तोही गटाचा पूर्ण सदस्य. फक्त सिंथेसायझर आणि आवाज, असा त्यांचा नेम होता. दोन अल्बम निघाले, समीक्षकांनी वाखाणले, खप बेताचाच राहिला. १९८०च्या ऑक्टोबरमध्ये मतभेद विकोपाला गेले. वेअर आणि मार्श बाहेर पडले आणि त्यांनी ‘हेवन सेव्हन्टीन’ सुरू केला. ‘ह्यूमन लीग’ हे नाव ओकीकडे राहिलं. त्याच्याबरोबर करार, देणी आणि तोंडावर आलेला दौराही त्याच्याच गळ्यात पडला. वादनात मुरलेले दोघे निघून गेले होते. मागे उरले एक गायक आणि एक स्लाइडवाला.

वेअरचा उंच पट्टीतला आवाज गेल्यामुळे ओकीला त्या जागी एका गायिकेची गरज होती. शेफील्डच्या ‘क्रेझी डेझी’ या नाइट क्लबमध्ये त्याला जोअॅन कॅथरॉल आणि सुझन अॅन सली या दोन मैत्रिणी नाचताना दिसल्या. एक अठरा वर्षांची, दुसरी सतरा. दोघी अजून शाळेत. गाण्याचा व्यावसायिक अनुभव दोघींनाही नव्हता. ओकी त्यांच्या आईवडिलांना भेटला, परवानगी मिळवली आणि दोघींना दौऱ्यावर नेलं. पुढे इयन बर्डन कीबोर्डसाठी आला. मग ‘द रेझिलोज’ या पंक गटातून जो कॅलिस आला. तो मुळात गिटारवादक, सिंथेसायझर त्याला इथे येऊन शिकावा लागला. अशी सहा माणसं जमली. शास्त्रशुद्ध तालीम घेऊन या वाद्यांवर हुकमत मिळवलेला त्यांत कोणी नव्हता. कानाला काय पटतं आणि काय नाही, हे मात्र प्रत्येकाला ठामपणे सांगता येत होतं.

सातवा माणूस म्हणजे निर्माता मार्टिन रशेंट. ‘द स्ट्रँगलर्स’ आणि ‘बझकॉक्स’ यांच्या धारदार गिटारच्या तबकड्या ध्वनिमुद्रित करून त्याने नाव कमावलं होतं. पण १९८०च्या सुमारास त्याला नव्या यंत्रांचं वेड लागलं. बर्कशायरमधल्या स्ट्रीटली गावाजवळ, आपल्या घराच्या आवारात, त्याने ‘जेनेटिक’ नावाचा स्टुडिओ उभारला. व्हर्जिन या कंपनीने गटाची गाठ त्याच्याशी घालून दिली. दोघांनी मिळून केलेलं पहिलं गाणं, ‘द साउंड ऑफ द क्राउड’, १९८१च्या वसंतात बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि पूर्ण अल्बम इथेच करायचा असं ठरलं. शेफील्डमधला जुना स्टुडिओ गटाला ‘हेवन सेव्हन्टीन’बरोबर पाळीपाळीने वापरावा लागत होता, त्यामुळे तिथली हवाही निवळलेली नव्हती. शेफील्ड सोडण्याची अडचण एकच होती: दोन्ही मुलींचं शाळेचं शेवटचं वर्ष. त्यांच्या आवाजाची गरज लागेल तेव्हा त्यांना शेफील्डहून बसने आणायचं आणि परत सोडायचं, असं सुरुवातीला चाललं.

आता यंत्रांकडे वळू, कारण या अल्बमचा स्वभाव त्यांच्या चालण्यातून घडला आहे. पहिलं यंत्र रोलँड कंपनीचं एमसी-८ मायक्रोकंपोझर. १९७७मध्ये आलेल्या या सीक्वेन्सरला पियानोसारख्या पट्ट्या नाहीत. आकड्यांची बटणं आहेत. प्रत्येक स्वरासाठी तीन आकडे द्यायचे: स्वर कोणता, पुढचा स्वर किती वेळाने यायचा, आणि हा स्वर त्यातला किती वेळ प्रत्यक्ष वाजत राहायचा. तिसऱ्या आकड्याची करामत मोठी. तो कमी केला की स्वर तुटक, टोकदार होतो. वाढवला की पुढच्या स्वराला जाऊन भिडतो. एकाच चालीचा तोरा या एका आकड्याने पालटतो. यंत्राच्या स्मृतीत पाच हजारांहून अधिक स्वर मावत आणि माहिती कॅसेटवर साठवता येई. पण एक ओळ ऐकायची तर आधी ती सगळी आकड्यांत उतरवावी लागे. एक आकडा चुकला की ठेका लंगडणार. काही सेकंदांच्या सुरावटीमागे तासन्‌तास जात.

हे यंत्र स्वतः आवाज काढत नसे. ते विजेचे संकेत पाठवी आणि आवाज निघे सिंथेसायझरमधून. त्यांत रोलँडचा सिस्टिम ७०० मुख्य होता. हा भिंतीसारखा उभा असतो, आणि त्याचे भाग तारांनी एकमेकांना जोडून प्रत्येक आवाज शून्यापासून घडवावा लागतो. तार काढली की आवाज गेला, तो पुन्हा तसाच मिळेल याची खात्री नाही. शिवाय अशा सिंथेसायझरमधून एका वेळी एकच स्वर निघतो. म्हणून तीन स्वरांचा मेळ हवा असेल तर तीन वेळा वाजवून टेपच्या तीन वेगळ्या पट्ट्यांवर घ्यायचा. ‘डेअर’ ऐकताना प्रत्येक ओळ सुटी, स्वच्छ, आपल्या जागी उभी असलेली जाणवते, त्याचं मोठं कारण हेच आहे.

दुसरं महत्त्वाचं यंत्र म्हणजे रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्याचं एलएम-१ ड्रम मशीन. तोवरची ड्रम मशीन विजेतून कृत्रिम ठोका तयार करत. १९८०मध्ये आलेल्या लिनच्या यंत्रात खऱ्या ड्रमचे आवाज अंकांच्या रूपात साठवलेले होते, आणि प्रत्येकाची पट्टी वरखाली करता येत होती. किंमत सुमारे पाच हजार डॉलर. मोठ्या झांजांचा लांब झणत्कार साठवायला त्या काळची स्मृती पुरत नव्हती, म्हणून त्या यंत्रात नव्हत्याच. ही उणीव अल्बमला फळली. झांजांचा खळखळाट नसल्याने वरची जागा मोकळी राहिली आणि तिथे आवाज आणि सिंथेसायझरची चमक बसली.

पण यंत्रांची हीच जात दुसऱ्या हातात वेगळं बोलते. १९८२मध्ये मुंबईत, हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून मुरलेल्या चरणजित सिंग यांनी रोलँडचीच यंत्रं घेतली आणि दहा रागांवर एक तबकडी केली. तिच्यात रागाची बढत आहे, एका जाणत्या वादकाचं एकट्याचं चिंतन आहे. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या श्रोत्यांचे कान टवकारले. एकाच कारखान्यातली यंत्रं, काळ जवळजवळ तोच, आणि संगीत मात्र दोन टोकांचं. यंत्र काय म्हणणार हे शेवटी माणूसच ठरवतो.

‘डेअर’मध्ये ते ठरलं ओढाताणीतून, आणि तिचं सर्वांत मोठं उदाहरण आहे ‘डोन्ट यू वॉन्ट मी’. मुलींच्या एका मासिकातल्या कथेवरून ओकीला कल्पना सुचली. आधी हे एकट्या पुरुषाचं गाणं होतं. मग तो आणि सुझन सली यांच्यातला संवाद करायचं ठरलं, आणि गाण्याचा अर्थच बदलला: पुरुषाच्या तक्रारीला बाईचं शांत, सरळ उत्तर मिळालं. सलीचा आवाज कसलेला नाही. म्हणूनच तिचं कडवं खरं वाटतं. कसलेल्या गायिकेने ते सजवलं असतं आणि बिघडवलं असतं. रशेंट आणि कॅलिस यांनी या गाण्याला जे अंतिम रूप दिलं, ते ओकीला मुळीच रुचलं नाही. अल्बममधलं सर्वांत कमकुवत गाणं, असं त्याचं मत झालं आणि ते दुसऱ्या बाजूच्या शेवटी ढकललं गेलं. ते एकेरी तबकडी म्हणून काढायचा आग्रह व्हर्जिनच्या सायमन ड्रेपरने धरला, तेव्हा ओकीने जोरदार विरोध केला. गाणं निघालं, १९८१च्या नाताळात पहिल्या क्रमांकावर होतं, तिथे पाच आठवडे टिकलं, आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वाधिक खपलेली एकेरी तबकडी ठरलं. जुलै १९८२मध्ये अमेरिकेतही ते पहिलं आलं.

या प्रसंगावरून ओकीला चुकीचा ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. गायकाचा हट्ट नसता तर अल्बमला हा गडद कणा लाभला नसता: केनेडींच्या हत्येवरचं ‘सेकंड्स’, किंवा जुन्या गुन्हेपटाची चाल घेतलेला ‘गेट कार्टर’चा छोटा तुकडा. रशेंट नसता तर हे सगळं काही मोजक्या रसिकांपुरतं उरलं असतं. दोघांच्या रस्सीखेचीत दोर ताठ राहिला.

१९८२च्या ब्रिट पुरस्कारांत ‘ह्यूमन लीग’ला सर्वोत्तम नवागत आणि रशेंटला सर्वोत्तम निर्माता म्हणून गौरव मिळाला. त्याच वर्षी त्याने अल्बमच्या गाण्यांची टेप अक्षरशः कापून, जोडून ‘लव्ह अँड डान्सिंग’ हा नृत्यासाठीचा अवतार काढला; सॅम्पलर हाताशी नसताना केलेलं हे काम पुढच्या रीमिक्स संस्कृतीचा पाया मानलं जातं. मग पुढच्या अल्बमची तयारी सुरू झाली, खटके वाढले आणि रशेंट निघून गेला. गट तोच होता, पैसा अधिक होता, स्टुडिओ आणि वाद्यं हवी ती मिळत होती. तरीही ‘हिस्टेरिया’ यायला १९८४ उजाडलं आणि ‘डेअर’ची उंची त्याला गाठता आली नाही.

एमसी-८ जे काम तासन्‌तास घेऊन करत होतं, ते आज खिशातला फोन क्षणात करतो. पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत कितीतरी मुलंमुली खोलीचं दार लावून एकट्याने गाणी बनवत आहेत, आणि त्यांच्याकडचं साधन रशेंटच्या स्टुडिओपेक्षा शक्तिशाली आहे. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी, तुमच्या आवडत्या गाण्याला तोंडावर ‘हे जमलेलं नाही’ म्हणेल असा एक माणूस शोधा, आणि तो निघून जाणार नाही इतकं त्याचं ऐका.