महामारीची मोजदाद झाली, रस्त्यावरच्या बळींची कधी होणार?

१९ मे ही तारीख महाराष्ट्राने दोन कारणांसाठी लक्षात ठेवायला हवी होती. लक्षात राहिले ते एकच. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी धनिक घरातील अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला, आणि त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाल्याने देश खवळला. खवळायलाच हवे होते.

परंतु त्याच्या बरोबर चार वर्षे आधी, १९ मे २०२० च्या पहाटे, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळ एक एसटी बस ट्रकवर आदळली. बसमध्ये सोलापूरहून निघालेले मजूर होते. नागपूरला जाऊन तेथून रेल्वेने त्यांना झारखंड गाठायचे होते. चौघे जागीच गेले, अनेक जखमी झाले. या चौघांची नावे आज किती जणांना आठवतात? त्यांच्यासाठी कोणत्या शहरात मेणबत्त्या पेटल्या?

आम्ही वकील आहोत, म्हणून एक वकिली प्रश्न विचारतो. ही माणसे कशाने मेली? टाळेबंदी झाली नसती तर ती त्या रात्री त्या बसमध्ये नसती, म्हणजे ती महामारीची बळी होती. बस ट्रकवर आदळली, म्हणजे ती रस्त्याचीही बळी होती. सरकारी तक्त्यात मात्र कोरोनाच्या रकान्यात त्यांना जागा नव्हती आणि अपघाताच्या रकान्यात त्यांच्या मरणाचे खरे कारण लिहिण्याची सोय नव्हती. त्याच महिन्यात, ८ मे २०२० रोजी, औरंगाबादजवळ करमाड येथे रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या वणीत, दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर प्यायल्याने सात जण दगावले. हे सारे मृत्यू कोरोनाच्या तक्त्याबाहेरचेच आणि मरणारे सारे हातावर पोट असलेले.

आमचा केळापूर तालुका राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर वसलेला आहे. जुने लोक अजूनही त्याला सात नंबरचा हायवेच म्हणतात. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा रस्ता करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, पिंपळखुटी करत पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरतो. २०२० च्या उन्हाळ्यात हैदराबादकडून उत्तरेकडे निघालेली माणसे याच रस्त्याने डोक्यावर गाठोडी आणि कडेवर लेकरे घेऊन चालत गेली. त्यांना रोखायला सीमेवर पोलीस होते, नाके होते, तापमान मोजायची यंत्रे होती. अंगात किती ताप आहे हे मोजले गेले. ती किती मैल चालली, वाटेत किती पडली, किती वाहनांखाली आली, हे कोणी मोजले?

आता आकडे पाहू. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत भारतात कोरोनाने अधिकृतपणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसे मेली. त्याच वर्षी, महिनोन्‌महिने रस्ते ओस पडलेले असतानाही, भारताच्या रस्त्यांवर १ लाख ३१ हजार ७१४ माणसे मेली. हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. कोरोनाचे खरे मृत्यू अधिकृत आकड्यापेक्षा कितीतरी अधिक होते असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आणि आपल्या सरकारने ते फेटाळले, तो वाद वेगळा. मुद्दा असा की कोरोना ओसरला, रस्ता ओसरला नाही. २०२२ साली रस्त्यावरचे मृत्यू १ लाख ६८ हजार ४९१ झाले, २०२३ मध्ये ते १ लाख ७२ हजारांच्या वर गेले. एकट्या महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली.

मरणारे कोण? २०२२ च्या मृतांपैकी जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवर होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. म्हणजे दर तिघांतील दोघे असे, की ज्यांच्याभोवती लोखंडी पत्रा नव्हता. राष्ट्रीय महामार्ग देशातील एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास. मृत्यू मात्र ३६ टक्के. केळापुरात याचा अर्थ सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पोडावरून बाजाराला निघालेला कोलाम, फटफटीवर बायको-पोरासह लग्नाला निघालेला भूमिहीन मजूर, कापसाची बंडी घेऊन जिनिंगकडे जाणारा शेतकरी, पहाटे रस्ता ओलांडून निंदणाला जाणाऱ्या बाया. चौपदरी रस्ता झाला तो टोल भरणाऱ्यांसाठी. ज्यांच्या गावाला आणि शेताला त्याने दोन बाजूंना टाकले, त्यांना जगायचे तर रोज तो ओलांडावा लागतो.

येथे थायलंडचे उदाहरण देणे भाग आहे. बौद्ध राष्ट्र म्हणून या देशाबद्दल आपल्या समाजात आपुलकी आहे. आपल्या कित्येक विहारांतील बुद्धमूर्ती तेथून आलेल्या आहेत. तेथे जाऊन स्थायिक झालेले परदेशी लोक दोन गोष्टी हटकून सांगतात. एक, कोरोनाच्या पहिल्या वर्षात या देशाने दाखवलेली शिस्त. दुसरी, तेथील रस्त्यांवरचे मरण. चीनबाहेरचा पहिला कोरोना रुग्ण १३ जानेवारी २०२० रोजी थायलंडमध्येच नोंदला गेला. तरीही ते वर्ष संपले तेव्हा तेथील कोरोना मृत्यू शंभराच्या आत होते. दहा लाखांहून अधिक ग्राम आरोग्य स्वयंसेवक घरोघर फिरले, बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवली, लोकांना समजावले. पुढे २०२१ च्या लाटेत हा बांध फुटला आणि तेथेही वीस हजारांहून अधिक बळी गेले, हेही सांगितले पाहिजे.

पण रस्त्याचे काय? तोच देश दरवर्षी सतरा ते वीस हजार माणसे रस्त्यावर गमावत आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमधील रस्ते मृत्यूंचा दर दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ होता आणि मरणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी-तीनचाकीवरचे होते. नववर्षाला आणि एप्रिलमधील सोंगक्रान सणाला तेथील सरकार ‘सात धोकादायक दिवस’ पाळते. त्या सात दिवसांत दररोज किती मेले याची घोषणा होते, नाके लागतात, मंत्री बोलतात. आठव्या दिवसापासून मोजणी थंडावते आणि मरण चालूच राहते. म्हणजे शासनाला जमत नाही असे नाही. विषाणू राजाच्या महालातही शिरू शकतो, म्हणून त्याच्याविरुद्ध सारे राष्ट्र उभे राहते. रस्ता मात्र बहुतेक वेळा दुचाकीवरच्यालाच गाठतो, म्हणून त्याच्याविरुद्ध सात दिवस पुरेसे वाटतात.

आपल्याकडे तर ते सात दिवसही नाहीत. आहे तो रस्ता सुरक्षेचा वार्षिक कार्यक्रम, म्हणजे फलक, पथनाट्य आणि हेल्मेट घातलेल्या अधिकाऱ्याचा फोटो. थायलंडच्या स्वयंसेवकांइतक्याच, दहा लाखांच्या आसपास, आशा भगिनी भारतात आहेत. त्यांनी कोरोनात प्रत्येक उंबरठा गाठला. त्यांच्या कामाचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला. पण मोबदल्यासाठी त्यांना २०२१ मध्ये महाराष्ट्रात संपावर जावे लागले. माणसे मोजण्याची यंत्रणा गावपातळीवर हजर आहे. तिला काय मोजायला सांगायचे, हा निर्णय वरच्यांचा आहे.

कोणी म्हणेल, रोग एकाकडून दुसऱ्याला होतो, अपघात होत नाही. तुलना कशी करता? मान्य. आम्ही रस्त्यांसाठी टाळेबंदी मागत नाही. आम्ही मागतो ती कारणमीमांसा. कोरोनात एक रुग्ण सापडला की तो कुठून आला, कोणाला भेटला, कुठे गेला, याचा शोध चोवीस तासांत घेतला जाई. महामार्गावर माणूस मेला की पंचनाम्यात ‘भरधाव वेगाने व निष्काळजीपणे’ हे ठरलेले शब्द येतात आणि शोध संपतो. त्या ठिकाणी दिवा का नव्हता, दुभाजकात कट कोणी ठेवला, गावाजवळ वेग कमी करण्याची सोय का नाही, याचा शोध कोण घेतो? आणि घरी येणारे पाहुणे म्हणतात, ‘वेळ भरली होती.’ बांधवांनो, कारणावाचून काही घडत नाही हे तथागताने शिकवले. नशिबाची भाषा आपण विहारात टाकून दिली. मग रस्त्यावर का बोलतो?

सरकारला मनात आणले तर रस्ता बदलता येतो, याचा पुरावा याच महामार्गावर आहे. नागपूरच्या पुढे पेंचच्या जंगलातून हा रस्ता रुंद करताना न्यायालयीन लढा झाला आणि सुमारे सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल बांधले गेले. वाघ त्याखालून जातात याची कॅमेऱ्यांनी नोंदही केली. वाघाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. त्याला मिळाले ते योग्यच मिळाले. आमचे म्हणणे इतकेच, की वाघाच्या पायवाटेचा अभ्यास करणाऱ्या राज्याने निंदणाला जाणाऱ्या बाईच्या पायवाटेचाही करावा.

आता कायद्याचे. कायदा कागदावर आहे. तो आपल्या लोकांपर्यंत पोचलेला नाही. एक ठळक उदाहरण पाहा. अज्ञात वाहनाने उडवून पळ काढला, तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची योजना लागू आहे. वाहन सापडण्याची अट नाही. अर्ज महसूल उपविभागाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. २०२२ मध्ये अशा पळून गेलेल्या वाहनांनी देशात तीस हजारांहून अधिक माणसे मारली. आणि अर्ज किती आले? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये नोंद केल्याप्रमाणे २०२२-२३ या वर्षात देशभरातून अवघे २०५! तीस हजार घरांतील सुतक आणि दोनशे पाच अर्ज.

आता कोरोनाकडे पाहा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी आदेश दिला, पन्नास हजारांचे सानुग्रह अनुदान ठरले, त्याचा गाजावाजा करणे राज्यांना भाग पडले, आणि महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा अर्जांचीच संख्या जास्त भरली. गरिबाला हक्क कळला की तो रांगेत उभा राहतो. दोन्ही ठिकाणी माणूसच मेला होता. एका ठिकाणी राज्याने हाक दिली, दुसऱ्या ठिकाणी तोंड मिटले.

आणखीही ध्यानात ठेवा. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी दिलेले संरक्षण आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडविरहित उपचार देणारी केंद्राची योजना लागू आहे. नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची अट घालण्यात आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्यावर विसंबून कोणी घरी बसू नये. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ असे सांगते, की रस्त्याच्या सदोष रचनेमुळे वा देखभालीमुळे कोणी मेला, तर जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कंत्राटासमोर एक लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च! तरीही हे कलम महत्त्वाचे आहे, कारण चालकाखेरीज दुसऱ्या कोणाचे तरी नाव त्यात पहिल्यांदा घेतले गेले.

शासनाच्या व्याख्येप्रमाणे महामार्गावरील पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, म्हणजे ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे पोडाच्या वळणावर वर्षाला एक माणूस मेला तर ते वळण कोणाच्या यादीत येत नाही. यादीत यायला प्रेते पुरी भरावी लागतात!

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. तालुक्यातील रस्त्यांवर दरमहा किती मेले, कुठे मेले, पायी होते की दुचाकीवर, याचा फलक तहसील कार्यालयात, टोलनाक्यावर आणि ग्रामपंचायतीत लागावा. पोलीस ही माहिती आज ऑनलाइन प्रणालीत भरतातच. ती लोकांपासून दूर का? प्रत्येक मृत्यूनंतर जागेची पाहणी अभियंत्याने करावी आणि अहवाल ग्रामसभेत वाचावा. अज्ञात वाहनाच्या प्रकरणात पोलिसांनी वारसांना योजनेची माहिती लेखी द्यावी; तसे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीइतक्याच नेटाने माहिती अधिकाराचे अर्ज भरावेत. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते, की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचे मूल्य समान मानू, परंतु सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. ही विसंगती बघायची असेल तर पांढरकवड्याच्या महामार्गावर उभे राहा. मतदानाच्या दिवशी कोलामाच्या पोडावरचे एक-एक मत मोजायला सरकारी गाडी पोचते. त्याच पोडावरचा माणूस रस्त्यावर मेला की तो मोजायला कोणी येत नाही. कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क महामारीपुरता नाही आणि मतदानापुरताही नाही. आपली माणसे मोजली जावीत असे वाटत असेल, तर मोजण्याची सक्ती आपणच करावी लागेल. पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारा : आपल्या शिवारातील रस्त्यावर गेल्या वर्षी किती जण मेले, आणि का?