अर्धे गाव, अर्धे नाव
तक्त्यांचा कारभार : साप्ताहिक लेखमाला, भाग सातवा

भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे आणि पिंपळगाव कोलतेही आहे. घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. अंबडची अंतरवाली सराटी आणि घनसावंगीची अंतरवाली टेंभी यांचेही तसेच. जालना जिल्ह्याची यादी एक्सेलमध्ये करायला घेतली की ही नावे ‘गाव’ या कॉलममध्ये येतात. कॉलमची रुंदी मुळात होती तेवढीच राहिली, तर भोकरदनची दोन्ही गावे जेमतेम ‘पिंपळगाव’ एवढीच दिसतात. कुंभार पिंपळगाव मात्र लगेच ओळखू येते, कारण त्याला वेगळे करणारा शब्द आधी येतो. खुर्द आणि बुद्रुकही नावाच्या शेवटीच असतात. म्हणजे सेलची कडा शब्द कापते ती बहुधा ओळख असते तिथेच. म्हणून लांब मजकूर सेलमध्ये कसा दिसावा, हा सजावटीचा प्रश्न नाही. यादीतले गाव आणि माणूस नेमके कोणते, हे ठरवणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यादी करणाऱ्याने द्यायचे असते, एक्सेलवर सोडायचे नसते.

एक्सेलवर सोडले तर काय होते, ते आधी पाहू. मजकूर सेलपेक्षा लांब झाला आणि उजवीकडचा सेल रिकामा असला, तर मजकूर त्या सेलवर पसरतो. शेजारी काही लिहिलेले असेल, तर तो कडेला कापला जातो. शेजारच्या सेलमध्ये नुसती एक स्पेस असली, किंवा कोरे उत्तर देणारा फॉर्म्युला असला, तरी तो सेल भरलेलाच धरला जातो. त्यामुळे एकाच कॉलममध्ये एका ओळीत नाव पूर्ण दिसते आणि खालच्या ओळीत तुटके. वरची ओळ पूर्ण पाहिलेला वाचक खालचीही पूर्णच असेल असे समजतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर दडला असेल तर कडेला छोटा लाल त्रिकोण तरी दिसतो. एक्सेलमध्ये तशी खूण नाही.

आकड्यांच्या बाबतीत हेच एक्सेल वेगळे वागते. रक्कम कॉलममध्ये मावली नाही, तर सेलमध्ये #### उमटते. तारखेचेही तसेच. १२,५०० ची रक्कम कापून १२५ दिसली तर ती उघड चूक ठरेल, म्हणून अर्धा आकडा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणे बरे, असा हा हिशेब आहे. मग अर्धे नाव बरोबर कसे? ‘पिंपळगाव’ हा शब्द स्वतःपुरता पूर्ण आहे, त्यामुळे तो अपुरा असल्याची शंकाही येत नाही. माणसांच्या नावांचे तेच. नाव आधी लिहिले तर आडनाव कापले जाते. आडनाव आधी लिहिले तर वडिलांचे किंवा पतीचे नाव जाते, आणि ज्या गावात एका आडनावाची घरे बरीच असतात तिथे वेगळेपणा त्याच नावात असतो. आकड्याला लावलेला नियम नावालाही लागू व्हायला हवा. फरक एवढाच, की तो हाताने लावावा लागतो.

तो लावण्याचे मार्ग चार. पहिला, कॉलम सर्वांत लांब नावाएवढा रुंद करायचा. गाव-तालुक्यासाठी हे ठीक, पण शेऱ्यासाठी केले तर यादी पानाबाहेर जाते. दुसरा, ‘श्रिंक टू फिट’. यात नाव मावते, पण जितके लांब तितके बारीक होते. ज्याचे नाव मोठे त्यालाच ते वाचता येत नाही. तिसरा, मजकूर मुद्दाम कापलेलाच ठेवायचा. गुगल शीट्समध्ये त्यासाठी ‘क्लिप’ असा वेगळा पर्याय आहे, आणि जिथे पूर्ण मजकूर दुसरीकडे वाचता येतो तिथे तो चालतो. चौथा, ‘रॅप टेक्स्ट’ : कॉलम आहे तेवढाच राहतो, मजकूर खालच्या ओळीवर येतो आणि रोची उंची वाढते. नाव, गाव आणि शेरा यांसाठी हाच मार्ग योग्य.

मात्र रॅपमध्येही एक खाच आहे. रोची उंची आधी कोणी हाताने ठरवून ठेवली असेल, तर रॅप लावूनही ती वाढत नाही. मजकूर वरच्या कडेला लावलेला असेल तर पहिल्या ओळीवर ‘पिंपळगाव’ दिसते आणि ‘रेणुकाई’ खाली पूर्ण दडते. कापलेल्या अक्षराची कडाही दिसत नाही, म्हणून ही चूक साध्या कापण्यापेक्षा घातक. शिवाय उंची अपुरी असली की देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात. उपाय सोपा आहे : सगळ्या रो निवडून कोणत्याही दोन रोंच्या मधल्या रेघेवर डबल क्लिक करायचे. सेल मर्ज केलेले असतील तर मात्र उंची आपोआप जुळत नाही. म्हणून यादीच्या आत मर्ज टाळावे. फॉर्म्युल्याने नाव छोटे करण्याचाही मोह नको. ‘लेफ्ट’ हा फॉर्म्युला अक्षरे नव्हे, संगणकाची चिन्हे मोजतो. ‘बुद्रुक’मधली पहिली चार घेतली तर हाती ‘बुद्’ उरते.

यावर पहिला आक्षेप असा, की माहिती तर सेलमध्ये पूर्ण असतेच, क्लिक केले की फॉर्म्युला बारमध्ये दिसते. खरे आहे, पण ते फाईल उघडणाऱ्यासाठी. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी शेतकरी ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये वाचतो. त्याला त्यातून स्वतःचे नाव आणि विशिष्ट क्रमांक शोधायचा असतो, आणि ई-केवायसी लागणार असेल तर ती त्यावरूनच करायची असते. कागदाला फॉर्म्युला बार नसतो. दुसरा आक्षेप कागदाचा. आडव्या ए-फोर पानावर नेहमीचे समास सोडून पंधरा पॉइंट उंचीच्या सुमारे ३२ रो बसतात. प्रत्येक रो दोन ओळींची झाली तर १६. पण सगळ्याच रो दुप्पट होत नाहीत, लांब नावांच्याच होतात. उलट ‘बाधित क्षेत्र (हेक्टर)’ यासारखी लांब शीर्षके रॅप केली, तर खालचे दोन-तीन अंकी कॉलम अरुंद करता येतात आणि वाचलेली जागा नावांना देता येते. वरून आलेला नमुना बदलता येत नाही, ही अडचणही इथे आड येत नाही. रॅपने कॉलम वाढत नाही, त्यांचा क्रम बदलत नाही, सेलमधल्या मजकुरालाही धक्का लागत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप कोडचा. जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे, मग नावावर एवढा भर कशाला? दोन फायली जुळवताना कोडच हवा, यात वाद नाही. पण फलकासमोर उभा असलेला माणूस आपल्या गावाचा सहा अंकी क्रमांक पाठ करून आलेला नसतो. हरकत घ्यायची तर ती तो नाव वाचूनच घेणार. कोडमुळे यादी यंत्राला तपासता येते, पूर्ण नावामुळे ती गावाला तपासता येते, आणि सार्वजनिक यादी लावण्याचा हेतू हा दुसराच असतो. म्हणून यादीवर सही होण्यापूर्वी एक तपासणी पुरे : सर्वांत लांब नाव, सर्वांत लांब गाव आणि सर्वांत लांब शेरा प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये शोधून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावेत. हे तिन्ही पूर्ण दिसले, तिन्ही कॉलमना वरपासून खालपर्यंत रॅप लावलेले असले आणि रोंची उंची कुठे हाताने अडवलेली नसली, तर बाकीची यादी निर्धास्त लावावी. खाते क्रमांकांना मात्र एवढे पुरत नाही. आधीचे शून्य गळणे आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होणे यात नुसते दिसणे नव्हे, मूळ माहितीच बिघडते. त्याचा विचार पुढच्या भागात.